बोडी रुसली, गोष्ट अडली

ओमेश्वरीच्या शिलाई मशीनला दोन आवाज होते. नुसतं शिवणकाम चाललं असलं की ती टरटर धावायची. गोष्ट रंगात आली की ओमेश्वरीचा पायडलवरचा पाय आपोआप मंदावायचा आणि मशीन गुणगुणल्यासारखी हळू चालायची. ब्लाउज टाकायला आलेल्या बायकांना ही खूण पाठ होती. आवाज मंदावला की त्या तरटावर सरसावून बसायच्या. आज ब्लाउज काही हाती पडत नाही, हे त्यांना तेव्हाच कळायचं. पण तक्रार कोणाची नसायची.

गाव गोरेगावच्या अलीकडे, डांबरी सडकेला लागून. चारी बाजूंनी धानाची खाचरं, म्हणजे बांध्या, मध्ये घरं, आणि गावाच्या उशाशी एक बोडी. बोडी म्हणजे लहानसा तलाव. मोठ्या तलावाची धाकटी बहीण म्हणा. ओमेश्वरी रहांगडाल्यांची सून. घरात पोवारी, बांधीवर झाडी आणि गोंदियाच्या बाजारात हिंदी अशा तीन बोली ती तीन लुगड्यांसारख्या आलटून पालटून नेसायची. गोष्ट मात्र झाडीतच सांगायची. ती म्हणे, गोष्टीला तेच लुगडं शोभतं.

तिचा नवरा तिलक शेती पाही आणि बायकोच्या गोष्टींना नावं ठेवी. दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की सांगणारीचा मामा वाट चुकतो, असं जुनी माणसं म्हणत आली. तिलक याची रोज आठवण करून देई. ओमेश्वरी म्हणे, माझा मामा आता एसटीनं फिरतो, वाटेची काळजी कंडक्टरला.

२०१७ सालच्या उन्हाळ्यात तिनं रुसलेल्या बोडीची गोष्ट काढली. एक होतं गाव, गावाची होती बोडी. धानाच्या रोवण्याला लोकांनी तिचं पाणी घेतलं, पोळ्याला तिच्यात बैल धुतले, नव्या सुनांनी तिच्या काठावर बसून सासूच्या चहाड्या केल्या. बोडीनं सगळं पोटात ठेवलं. पण वर्षानुवर्षं तिला कोणी विचारलं नाही, की बाई, तू कशी आहेस. एका पहाटे बोडी रुसली. तिनं आपलं पाणी लुगड्यासारखं गुंडाळलं आणि माहेरी निघाली. तिचं माहेर कोणतं, तर नवेगावचा बांध, त्या मुलखातला सगळ्यात जुना, सगळ्यात मोठा तलाव.

बोडी चालली माहेरा, कमळ खोवलं केसात
चिमण्या मासोळ्या तिच्या निजल्या ओल्या पदरात

मागे गाव कोरडं पडलं. मग एकेक जण तिला परत आणायला निघाला. आधी न्हावी गेला, मग गावचा कोतवाल, मग सारसांची जोडी, मग एक म्हातारा बेडूक. प्रत्येकाची समजूत घालण्याची तऱ्हा वेगळी आणि बोडीचं नकाराचं उत्तरही वेगळं. ओमेश्वरीला गोष्ट पुढे नेण्याची घाई नव्हती. बायकांना तर अजिबातच नव्हती.

तिची नणंद रविता आमगावला दिलेली. तिथे ती नवऱ्याच्या खताच्या दुकानात कॉम्प्युटरवर हिशेब करी. सुट्टीत माहेरी आली तेव्हा तिनं सारसांचा भाग ऐकला, आणि जाताना वहिनीला सांगून गेली, की ही गोष्ट मशीनीपाशी संपू द्यायची नाही. ‘गोष्टपेठ’ नावाचं एक मराठी संकेतस्थळ होतं. कोणीही तिथे लिहावं, कोणीही वाचावं. रविताने वहिनीच्या नावानं खातं उघडलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती फोन लावायची, इकडे ओमेश्वरी सांगायची आणि तिकडे रविता ऐकता ऐकता थेट त्या साइटवरच टंकायची. कागदाला कुठे शाईचा थेंब लागला नाही.

नंतरचे दोन-तीन महिने म्हणजे ओमेश्वरीच्या आयुष्यातला मोहाच्या फुलांचा बहर. सांगली, नाशिक, औरंगाबाद इथली माणसं बोडीची गोष्ट वाचू लागली. कथेखाली तारे पडायचे, ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘पुढील भाग लवकर टाका’ असं कोणी कोणी लिहायचं. रविता फोनवर वाचून दाखवायची. ज्या माणसांचं तोंड कधी पाहायचं नाही त्यांना आपली बोडी ठाऊक झाली, याचं ओमेश्वरीला इतकं अप्रूप, की उसाच्या रसासारखं ते तिच्या बोलण्यातून गळायचं. तिलक म्हणाला, आता तुझ्या हातचा ब्लाउजही सांगलीलाच जाईल, गावच्या बायका उघड्या फिरतील. पण गोरेगावच्या बाजारात त्यानेच दोन माणसांना थांबवून सांगितलं, हे तिला बाहेरून कळलं.

श्रावणात गोष्टपेठेचं बोलणं बदललं.

आधी नुसत्या सूचना येऊ लागल्या. प्रत्येक भाग उत्कंठेवर तोडा. शेवट धक्कादायक करा. बोलीभाषा बेताने वापरा, त्याने वाचक वाढतात. मग एक दिवस कळलं, की आता लेखकांनी दर महिन्याला वर्गणी भरायची. न भरणाऱ्याची गोष्ट मागच्या रांगेत जाणार, नवा भाग टाकता येणार नाही, आणि आपली कथा उतरवून घ्यायची तर तीही सोय वर्गणीदारालाच. लेखकांचे प्रकारही पाडले होते: साधा लेखक, सुवर्ण लेखक, प्रमाणित लेखक. रविताने हे फोनवर सांगितलं तेव्हा ओमेश्वरीच्या हातात काजासाठी सुई होती. ती तशीच राहिली.

“गोष्ट मी सांगू, अन् पैसेबी मीच देऊ?” ती म्हणाली. “आयकनारा मोकळा?”

रविताने सांगितलं, की वाचणाऱ्याला फुकट आहे, लिहिणाऱ्याला नाही.

रात्रीच्या जेवणाला हा विषय निघाला. तिलक गोष्टपेठेच्या बाजूनं बोलला. बाजारात भाजीवाली ठेकेदाराची चिठ्ठी फाडते, तेव्हाच तिला बसायला जागा मिळते; मग गोष्टवालीनं का फाडू नये? ओमेश्वरीला हे पटल्यासारखं झालं. ताटात हात ठेवून तिने विचार केला. मग म्हणाली, भाजीवालीची भाजी उरली तर ती टोपलं डोक्यावर घेऊन घरी जाते. ठेकेदार तिच्या टोपल्याला कुलूप लावत नाही.

तिलकने आणखी भात मागून घेतला. हरला की तो भात मागायचा.

पण गोष्ट अशा जागी येऊन थांबली होती, की मागेही जाता येईना. सात भाग लोकांपर्यंत गेले होते. बोडी नवेगावच्या बांधाच्या काठावर बसली होती, मागे गाव कोरडं होतं. झाडीपट्टीत एक समजूत आहे: अर्धी सोडलेली गोष्ट सांगणारीच्या दारात उभी राहते, घरात येत नाही नि जातही नाही. ओमेश्वरीला ती दारात दिसू लागली. तिला बाकी काही नको होतं. बोडीचं काय झालं ते सांगून तिला त्या गोष्टीला हात जोडायचे होते. एका ब्लाउजच्या शिलाईएवढी वर्गणी होती. दिली, म्हणाली, मंडईच्या जत्रेत पाळण्यात बसले असं समजेन.

रविताने पैसे भरले आणि आठवा भाग टाकला. त्यात गावचा पाटील स्वतः बोडीला आणायला निघतो. पुढच्या भागात गोष्ट संपणार, असंही खाली लिहिलं.

आणि इथेच ती गोष्ट घडली, जी सांगलीला किंवा नाशिकला घडली नसती.

त्या वर्षी मोबाईलचं नेट स्वस्त झालं होतं. घरोघरी एक तरी मोठा फोन आला होता. आठवा भाग आला आहे, हे गावात सकाळीच पसरलं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचून दाखवलं, बाकीच्या भोवती बसल्या. आता झाडीत गोष्ट ऐकण्याची एक रीत आहे. सांगणारीनं एक वाक्य सांगावं, ऐकणारीनं ‘हूं’ म्हणावं. हा हुंकारा. तो आला की पुढचं वाक्य. हुंकारा थांबला की सांगणारी समजते, झोपले सगळे, किंवा गोष्ट आंबली. त्यामुळे हुंकारा न देता गोष्ट ऐकणं म्हणजे बोलावल्या घरी जाऊन पाणीही न पिता परतणं. फोनवरच्या गोष्टीला हुंकारा कसा द्यायचा, हा प्रश्न बायकांना पडला नाही. खाली लिहायची जागा होती. एकीने एक परिच्छेद ऐकला, लिहिलं: हूं. दुसरा ऐकला, लिहिलं: हूं. शेजारच्या घरातून हूं, किराणा दुकानातून हूं, हातपंपावरून हूं. दुर्पता उईके, जी उन्हाळ्यात जंगलात तेंदूपानाच्या आणि पावसाळ्यात निंदणाच्या कामाला जायची आणि जिला अक्षर येत नव्हतं, तिने पुतणीकडून ‘हूं’ची बटणं कोणती ते समजून घेतलं आणि कामाला जायच्या आधी जितके मावतील तितके दिले. तिला वाटलं, ओमेश्वरीबाई तिकडे ऐकत असेल, थांबली तर बरं नाही.

दुपारपर्यंत आठव्या भागाखाली हुंकाऱ्यांचा ढीग लागला. त्याच दुपारी गोष्टपेठेनं ओमेश्वरीचं खातं बंद केलं.

आपल्या कथेवर अनैसर्गिक प्रतिसाद आढळले आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. एकाच गावातून, एकच निरर्थक अक्षर. खातं पुन्हा उघडायचं तर लेखकाने ‘प्रमाणित’ व्हावं, म्हणजे आणखी मोठी वर्गणी भरावी. तोवर कथा कोणालाही दिसणार नाही, लेखकालाही नाही.

ओमेश्वरी दुसऱ्याच दिवशी एसटीने गोंदिया आणि तिथून आमगाव गाठून रविताच्या दुकानात पोचली. रविताने गोष्टपेठेला फोन लावून स्पीकरवर ठेवला. बराच वेळ बासरी वाजली. हे बटण दाबा, ते बटण दाबा झालं. मग एका मुलीचा आवाज आला. पुण्याची असावी, शब्द धुऊन इस्त्री केल्यासारखे. ती खरंच नम्र होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, सिस्टीमला ते बनावट वाटतं. माणसं असती तर त्यांनी काहीतरी अभिप्राय लिहिला असता ना? छान, सुंदर, असं काही?”

ओमेश्वरी इतका वेळ युरियाच्या पोत्यावर बसून ऐकत होती. ती पुढे वाकली.

“गोष्ट चालू असतानी मंधातच छान कायले म्हनतीन, बाई? छान म्हटलं का गोष्ट सरली. हूं म्हनजे सांगत राय.”

“सांगत राहा,” मुलगी स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. मग तिने सांगितलं, की तिच्यासमोर तीनच रकाने आहेत: अर्थपूर्ण, निरर्थक, आक्षेपार्ह. चौथा नाही. नियम तिने केलेला नाही. ती वरच्यांना लिहील, पण वरच्यांचं उत्तर काय येईल ते तिला आत्ताच ठाऊक आहे. पुढे तिचा आवाज हळू झाला. “मी आठवा भाग वाचलाय. काल बंद करण्याआधी. बोडी परत येते का हो?”

ओमेश्वरीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. शेवट तिच्याकडे होता. पाटील नवेगावला जातो, भर काठावर आपलं पागोटं बोडीच्या पायाशी ठेवतो, गावाच्या वतीने माफी मागतो आणि बोडीचं पाणी विरघळतं. सूचनांत म्हटल्यासारखा धक्काही त्यात होता. पण समोर एक माणूस खरंच विचारतंय म्हटल्यावर तो शेवट तिच्या जिभेवर चढेना.

“मले अजून मालूम नाई, बाई,” ती म्हणाली. “आमच्याकडं मंडईले ये. तवर होऊन जाईन.”

मुलगी हसली. येईन म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. फोन ठेवल्यावर रविताने दुकानाच्या गल्ल्याकडे हात नेला. मोठी वर्गणी मीच भरते, म्हणाली. एवढे आठ भाग माझ्या बोटांनी टंकलेत, मलाही दुखतं. ओमेश्वरीने तिचा हात धरला.

“भाड्याचं घर असतं तं भाडं देल्लं असतं, रविताबाई. आपल्याच लेकरले भेटाले तिकीट कायले काढू?”

रविता म्हणाली, मग बोडी तिथेच राहील. ओमेश्वरी म्हणाली, त्याचंच पाहून राहिली.

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. सडकेच्या दोन्ही बाजूंनी धान पोटऱ्यात आला होता. तिला राग होता, पण रागाच्या तळाशी काहीतरी हलकंही वाटत होतं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिने कोणाला तरी खरं सांगितलं होतं, की तिला शेवट माहीत नाही.

तरी पुढचे दिवस कठीण गेले. मशीन नुसती टरटर धावायची. बायकांचे ब्लाउज वेळेवर होऊ लागले, आणि याचीच त्यांना काळजी वाटू लागली. कोणी बोडीचं नाव काढलं, की ओमेश्वरी अस्तर शोधायला आत जायची. तिलकलाही ते सोसेना. एका संध्याकाळी तो बांधीवरून आला, पाय धुतले, आणि उंबऱ्यावर बसून बाहेर बघत म्हणाला, “बोडीले घरी आन न व आता. लोकं मलेच विचारून राहिले. मी काय सांगू, माहेरी गेली म्हनून?”

ओमेश्वरी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून तो तिथून लगेच उठला नाही.

दिवाळी झाली. हलका धान कापून झाला आणि गावोगाव मंडई भरू लागली. दिवाळीनंतर झाडीत प्रत्येक गावाचा एक दिवस असतो. त्या दिवशी गावात दुकानं लागतात, पाळणे येतात, दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ रंगतो, आणि दिलेल्या लेकी, जावई, सोयरे सगळे त्या गावी येतात. ज्याच्या घरी पाहुणा आला नाही त्याची मंडई झालीच नाही. ओमेश्वरीच्या गावची मंडई आली तेव्हा रविता आमगावहून आली, आणि तिच्यासोबत तिची शेजारीण शामकलाही. तिला या गावची मंडई पाहायची होती.

दंडारीला अजून अवकाश होता. ऊन मऊ झालं होतं. सडकेकडच्या ओट्यावर, जिथे मशीन होती, तिथे बायका येऊन बसल्या. माहेरी आलेल्या लेकी होत्या, गावच्या सुना होत्या, तळलेल्या भज्यांचे पुडे होते. गोष्टपेठेचं काय झालं, हे रविताने सगळ्यांना सांगितलं. आपल्या हुंकाऱ्यांनीच कुलूप पडलं, हे कळल्यावर सगळ्या दुर्पताकडे बघू लागल्या. दुर्पता म्हणाली, मी तर सांगणाऱ्याचा मान ठेवला. त्यायच्या मशीनीले हुंकारा कळत नसन, तं तिले गोष्टी कायले आयकवता?

मग कोणीतरी म्हणालं, आठही भाग गेले म्हणजे गेले. दुसरी म्हणाली, कसे जातील, मला न्हाव्याचा भाग तोंडपाठ आहे. आणि तिने सांगायला सुरुवात केली. कोतवालाचा भाग तिघींना येत होता, तिघींचा वेगळा. एकीच्या कोतवालाने बोडीला दंड ठोठावला, दुसरीच्या कोतवालाने तिच्या काठी बसून रडून घेतलं. सारसांचा भाग दुर्पताने घेतला आणि सांगता सांगता ओमेश्वरीलाच अडवलं, की सारस आधी बोलत नाही. जोडीतला एक बोलला, की दुसरा बोलतो. ओमेश्वरीने मान्य केलं. म्हाताऱ्या बेडकापर्यंत पोचेतो गोष्ट तिच्या घरची राहिली नव्हती. चांगली धष्टपुष्ट झाली होती, नाकी डोळी बदलली होती, पण ओळखू येत होती. ओमेश्वरी ऐकत बसली. आपलं चोरीला गेलेलं काही परत मिळतंय, असं तिला वाटलं नाही. उलट वाटलं, की आपण ते इतक्या घरांत ठेवून दिलं होतं हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं.

आठवा भाग आणि त्याच्या पुढचं तिने स्वतः सांगितलं. पाटील निघाला. हूं. नवेगाव दिसलं. हूं. बांधाच्या काठावर आला. हूं. त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं आणि बोडीच्या पायाशी ठेवलं.

ओमेश्वरी थांबली. हुंकारा आला नाही. बाहेर पाळण्याचं कुरकुरणं ऐकू आलं. ती तेच वाक्य अजून एकदा म्हणाली, पागोटं ठेवलं.

“असा कोनता पाटील व?” दुर्पता म्हणाली. “आमी तं नाई पाह्यला.”

ओट्यावर हसण्याचा असा फवारा उडाला, की भज्यांचा एक पुडा सांडला. तिलक आत होता, तोही आतून हसला. ओमेश्वरीचा चेहरा आधी उतरला आणि मग तीही हसू लागली, कारण तिलाही असा पाटील कधी दिसला नव्हता. तिने तो गोष्टपेठेच्या सूचनांतून आणला होता.

दुर्पताचं माहेर नवेगावकडचं. तिने हसू आवरलं आणि आपलं बोलणं पुढे नेलं. तिथे बांधावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणाली. डोंगरांतून सात वाटांनी पाणी येतं. एकदा आत गेलं, की कोणतं कोणाचं, कोन वळखते? मोठ्या घरी पाहुनी गेली, तं दोन दिवस लाड होते. मंग तिले कोनी नावानं हाक मारत नाई.

ओमेश्वरीने मशीनीच्या चाकावर हात ठेवला. मग हळू, जणू आपल्यालाच सांगत असल्यासारखं, तिने पाटलाला काठावरूनच माघारी पाठवलं. हूं. बोडी मोठ्या बांधात उतरली. हूं. पहिल्या दिवशी सगळ्या लाटांनी तिची विचारपूस केली. हूं. दुसऱ्या दिवशी तिच्या मासोळ्या मोठ्या माशांत मिसळल्या. हूं. तिसऱ्या दिवशी बोडीने स्वतःला हाक मारून पाहिली, तर इतक्या पाण्यातून इतकं पाणी हो म्हणालं, की आपण कुठे ते तिलाच कळेना.

मोठ्या बांधाच्या पाण्यात लाट लाटेले ना पुसे
माझं नाव घेनारं ते एक गाव दूर दिसे

मग बोडी निघाली. या वेळी तिला कोणी न्यायला आलं नव्हतं, आणि कोणी पोचवायलाही आलं नाही. संध्याकाळी गावातल्या एका बाईनं कोरड्या बोडीच्या काठावर सवयीनं राखेनं भांडी घासायला घेतली होती. तिच्या बोटांना एकदम पाणी लागलं. तिने मान वर केली नाही. भांडं घासता घासता म्हणाली, आली का व? जशी बाजारातून आलेल्या बाईला विचारावं तशी. बोडीने आपलं गुंडाळलेलं पाणी सोडलं आणि पसरून बसली.

या वेळी हुंकारा आला नाही, पण हुंकारा थांबल्याचं ओमेश्वरीला कळलंही नाही. एक म्हातारी नाक पुसत होती. माहेरी आलेली एक लेक सडकेकडे बघत होती, तिच्या सासरच्या दिशेने. कोणीतरी म्हणालं, छान. मग सगळ्याच छान म्हणाल्या, आणि गोष्ट सरली.

रविताने फोन काढून हे सगळं ध्वनिमुद्रित केलं होतं. ज्या लेकी यंदा मंडईला येऊ शकल्या नव्हत्या त्यांना ती तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर पाठवू लागली. वहिनीला तिने हळूच विचारलं, की दुसरी एखादी साइट शोधू का, फुकटवाली. ओमेश्वरी म्हणाली, शोध, मला काय. पण पुढच्या वेळी गोष्ट आधी इथे सरली पाहिजे. तिला भूक लागली होती. तिने सांडलेल्या भज्यांतलं एक उचललं, फुंकून खाल्लं.

दुरून दंडारीची ढोलकी कडकडली. बायका उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात रविताची शेजारीण शामकला, जी सगळा वेळ कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, लाजत लाजत बोलली.

“आमच्याकडची तं वापस नाई आली.”

उठलेल्या बायका थबकल्या. कोणी विचारलं, कोणती बोडी? शामकला म्हणाली, आमच्याकडेही ही गोष्ट आहे, माझी मावशी सांगायची, पण त्यात रुसून जाते ती बोडी नाही, विहीर. नि ती जाते कुठे, ते फार वेगळं आहे. एवढं बोलून ती थांबली, कारण सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, आणि परगावच्या पाहुणीनं इतकं बोलणं बरं दिसतं की नाही, याचा तिला अंदाज येईना.

ओमेश्वरी मशीनीपुढच्या खुर्चीवरून उठली. खुर्चीवर पडलेले कापडाचे तुकडे तिने झटकले आणि शामकलाला हाताला धरून तिथे बसवलं. आत तोंड करून तिने तिलकला आवाज दिला, की चहा ठेवा, पाहुणीला पहिला कप, साखर जास्त. मग ती स्वतः खाली, तरटावर बायकांमध्ये जागा करून बसली. मांडी नीट घातली, पदर सावरला.

“बस आता, घाई नको करू,” ती म्हणाली. “पयले सांग, तुही मावशी कोन्या गावची?”